अंदाजपत्रकाआधी क्षेत्रसभा घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी 2026 मध्ये नागपूर महापालिकेची निवडणूक झाली आणि मार्च 2022 पासून चाललेली प्रशासकाची राजवट एकदाची संपली. 38 प्रभागांतून 151 नगरसेवक सभागृहात गेले. आता जो तो आपल्या प्रभागासाठी निधी खेचण्याच्या मागे आहे आणि त्यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच, की त्या निधीतून आधी काय करायचे हे ठरवतो कोण? नगरसेवक आणि झोनचे अभियंते. ज्यांच्या दारात काम होणार त्यांना भूमिपूजनाच्या दिवशी कळते.

दक्षिण नागपुरातल्या आमच्या ले-आउटचेच सांगतो. सिमेंट रस्ता झाला. मजबूत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुना डांबरी रस्ता न खोदता त्यावरच सिमेंट ओतले, त्यामुळे रस्ता वर गेला आणि घरांची जोती खाली राहिली. पावसाची एक जोराची सर आली की रस्त्याचे पाणी फाटकातून आत. लोकांनी फाटकाशी दोन-दोन विटांचे बांध घातले आहेत. एकाने तर पोर्चमध्ये पाणी उपसायची मोटरच बसवून टाकली. रस्त्याखालची गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी) मात्र जुनीच, येथे बैठी घरे होती तेव्हाची. आता त्याच लाइनवर तीन-तीन मजले आहेत. ती तुंबली की चेंबरमधून वर आलेला मैला नव्याकोऱ्या सिमेंटवर पसरतो. लाइन बदलायची तर रस्ता फोडावा लागेल, म्हणून कोणी हात लावत नाही. काम सुरू होण्याआधी गल्लीत येऊन कोणालाही विचारले असते, तर गडर आधी आणि रस्ता मागून, हे उत्तर मिळाले असते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउटमध्ये शिरले. माणसे दगावली. त्यानंतर कुठे नदीचे अरुंद झालेले पात्र आणि तलावाचा सांडवा चर्चेत आला. नाल्याकाठच्या झोपडपट्ट्यांत पाणी शिरते तेव्हा एवढी धावपळ कधी दिसत नाही, हेही जाता जाता नमूद करतो.

पैसे नाहीत, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. ते अगदीच खोटेही नाही. जकात गेली, 2013 मध्ये तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला आणि 2017 च्या जीएसटीनंतर महापालिकेचा संसार बऱ्याच अंशी राज्याच्या अनुदानावर चालतो. हाताशी उरले ते मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि नगररचनेचे शुल्क. त्यातही थकबाकीदारांसाठी अधूनमधून अभय योजना येते, शास्ती माफ होते आणि मुदतीत टॅक्स भरणारा वेडा ठरतो. अशा परिस्थितीत अंदाजपत्रकातला मोठा आकडा वाचून माझ्यासारख्याला आता काही वाटेनासे झाले आहे. सुधारित अंदाजात तो किती उतरला आणि प्रत्यक्षात कोणत्या प्रभागात किती खर्च झाला, हे सोप्या मराठीत छापून झोन कार्यालयात लावा. मग बोलू.

कात्री लागायची वेळ आली की ती रस्त्यांच्या आधी सामाजिक योजनांना लागते, असा माझा समज आहे. तो चुकीचा असेल तर प्रशासनाने आकडे दाखवून खोडून काढावा. दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवावा लागतो, महिला-बालकल्याणाचाही वेगळा वाटा असतो. पण त्यातून शिलाई यंत्रे वाटायची, की कळमना बाजारात मजुरीला जाणाऱ्या बायकांसाठी पाळणाघर काढायचे, हे त्या बायकांना कोणी विचारले आहे का? संध्याकाळी उघडा राहणारा दवाखाना वस्तीजवळ असेल, तर साध्या तापासाठी मेयो-मेडिकल या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या रांगेत उभे राहून दिवसाची मजुरी बुडवावी लागणार नाही. अशी कामे उद्घाटनाच्या फोटोत भरत नाहीत, ही त्यांची अडचण.

विचारायची सोय महापालिका कायद्यात आहे. 2009 च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका छोट्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद केली. आमच्या भागात अशी सभा भरल्याचे मी कधी ऐकले नाही. पुण्याचे नाव काढले की आपल्याकडे नाके मुरडली जातात, तरी सांगतो: तेथे 2006 पासून नागरिकांकडून क्षेत्रीय कार्यालयांमार्फत छोटी कामे मागवून अंदाजपत्रकात घेतली जातात. त्यातही त्रुटी आहेत, आलेल्या सगळ्याच सूचना मार्गी लागतात असे नाही. पण निदान अर्ज कुठे द्यायचा हे लोकांना ठाऊक असते.

आयुक्तांच्या मसुद्यात कामे बसवून झाल्यावर सूचना मागवण्यात अर्थ नाही. म्हणून दिवाळीच्या आगेमागे प्रत्येक नगरसेवकाने आपल्या भागात एक तरी क्षेत्रसभा घ्यावी, झोनच्या अभियंत्यांना आणि आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवावे, लोकांनी सांगितलेली कामे त्याच क्रमाने लिहून घ्यावीत आणि ते इतिवृत्त आठवडाभरात झोन कार्यालयाच्या फलकावर लावावे. मार्चमध्ये अंदाजपत्रक आले की आम्ही ते त्या कागदाशी ताडून पाहू. दहाही झोनच्या सभापतींनी या सभांच्या तारखा आपल्या दैनिकातून जाहीर कराव्यात, ही विनंती.

आपला,
एक करदाता, मानेवाडा, नागपूर