ऐपतीबाहेरची भेट स्वीकारताना

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ज्याची आर्थिक ओढाताण आपल्याला ठाऊक आहे, अशा माणसाने ऐपतीबाहेरची महागडी भेट आपल्यापुढे ठेवली, तर ती घ्यावी की परत करावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्यात दोन माणसांचा स्वाभिमान गुंतलेला असतो. पुष्कळ जण अशा वेळी चारचौघांत ‘एवढा खर्च कशाला केलास?’ असे विचारून मोकळे होतात. हेतू काळजीचा असला तरी त्या प्रश्नाने देणाऱ्याची अडचण सर्वांसमोर उघडी पडते आणि त्याचा आनंद तिथेच विझतो. भेट घेताना फक्त मनापासून आभार मानावेत, आणि पैशाचा विषय काढायचाच असेल तर तो नंतर, एकांतात काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र भेटीसाठी कर्ज काढल्याचे किंवा औषधपाण्याचे पैसे वळवल्याचे कळले, तर संकोच बाजूला ठेवून वस्तू दुकानात परत करता येईल का, हे देणाऱ्याशी आपुलकीने बोलायला हवे. परत घेण्याची मुदत बहुधा थोडीच असते, म्हणून हे बोलणे लांबवू नये. तितक्याच किमतीची परतभेट लगेच पाठवणे मला अजिबात पटत नाही, कारण त्यामुळे हिशेब चुकता केल्यासारखे होते आणि पुढच्या वेळी तो माणूस आणखी मोठ्या खर्चात पडतो. त्यापेक्षा पुढच्या प्रसंगाआधीच ‘या वेळी भेटवस्तू नकोत’ असे आपण सर्वांनाच कळवावे, म्हणजे त्या एकालाच वेगळे काढल्यासारखे होत नाही.

आपला नम्र,
एक वाचक