'अचानक' हा शब्द डॉक्टरांना आधी सांगा

संपादक महोदय,

परवापर्यंत आपल्या हाताने जेवणारी आजी आज सुनेला ओळखत नाही, रात्रभर पांघरुणाचे धागे ओढते, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणते. 'विसरण्याचा आजार आहेच, वाढला असेल' असे म्हणून घरचे गप्प बसतात. चूक इथेच होते. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या चालीने वाढतो. दोन दिवसांत माणूस बदलला तर ते बहुधा डेलिरियम, म्हणजे अचानक उद्भवलेला मेंदूचा गोंधळ, असते आणि त्याचे कारण बरेचदा मेंदूबाहेर सापडते. जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत आणि आधी अंगाला हात लावून ताप बघत. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होण्यापेक्षा ते बरे होते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. एरवी ज्यांना वार उलटे म्हणता येतात, ते शनिवार, शुक्रवारनंतर अडखळतात किंवा प्रश्नच विसरतात. सकाळी बरे, दिवेलागणीला बिघडले, अशी चढउतारही असते. मात्र सगळेच आरडाओरडा करत नाहीत. काही जण नुसते पडून राहतात, घास तोंडात धरून ठेवतात, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटतात. 'आज शांत आहेत' म्हणून घरच्यांना हायसे वाटते, आणि हाच प्रकार सर्वांत जास्त निसटतो.

सगळ्यात आधी औषधांची पिशवी टेबलावर ओता. गेल्या दोन आठवड्यांत काय नवे सुरू झाले, काय बंद झाले? सर्दीच्या साध्या गोळीतले क्लोरफेनिरामिन म्हातारपणी गोंधळ वाढवते आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्यांची लघवीही तुंबवते. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी दिली तरी त्रास, आणि रोजची एकदम थांबवली तरी त्रास. ही गोळी शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीतली आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दुकानदाराने तिची नोंद तीन वर्षे ठेवायची असते. तरी ती 'नेहमीचीच आहे' म्हणून सहज मिळते. अन्न व औषध प्रशासनाने तिकडे जरा लक्ष घालावे.

दुसरे कारण सोडियमचे. रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीवाटे सोडियम घालवणारे औषध असते. त्यात घरच्यांनी मीठ तोडलेले, वर चार जुलाब झालेले. सोडियम १३५ ते १४५ हवे, ते १२५ च्या खाली गेले की माणूस बरळू लागतो, तोल जातो. तपासणी साध्या लॅबमध्ये होते, पण उपचार रुग्णालयातच हवेत, कारण सोडियम भराभर चढवले तर मेंदूला इजा होते. मधुमेह्याची साखर तर तिथल्या तिथे बघावी. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेऊन एकादशी धरली की साखर ७० च्या खाली यायला वेळ लागत नाही.

मग ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. म्हातारपणी न्यूमोनियातही ताप नसू शकतो. शौचाला तीन दिवस झाले नसेल, ओटीपोट फुगून लघवी थेंबथेंब होत असेल, तर तेही कारणच. लघवीत जंतू सापडले म्हणजे चोर सापडला असे मात्र समजू नये. वयस्क बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू असतात. महिन्याभरात पडले असतील, त्यातून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. रक्तस्राव हळूहळू साचतो. तोंड वाकडे, हात लुळा किंवा बोलणे जड झाले तर मात्र हे काही तपासत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

ही सगळी माहिती वेळेसह एका वहीत लिहा. डॉक्टरांना 'विसरतात' असे मोघम सांगू नका. 'मंगळवारी दुपारपर्यंत ठीक होते, रात्रीपासून असे झाले' असे सांगा. तपासणीची दिशा त्यावर ठरते.

रुग्णालयात ओळखीचे एक माणूस रात्रभर जवळ हवे. वॉर्डांनी तेवढी मुभा द्यावी. चष्मा, कानाचे यंत्र (सेल तपासून), कवळी सोबत न्या. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. हात बांधले की धडपड वाढते. लघवीची नळी गरज संपताच काढा म्हणून विचारत राहा. शांत करायचे इंजेक्शन देण्याआधी लेवी बॉडी (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) किंवा पार्किन्सनचा आजार असल्याचे सांगाच, कारण अशा रुग्णांना हॅलोपेरिडॉल हे शांत करायचे औषध फार वाईट भोवते. पाणी मापाच्या बाटलीतून द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचे पथ्य नसेल तर दिवसाला साधारण दीड लिटर. पेज, ताक त्यातच धरा. पण गुंगीत असताना तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जाते.

कारण दूर झाले तरी गोंधळ लगेच ओसरत नाही. काहींना आठवडे लागतात, काही जण पूर्ण पूर्ववत होतही नाहीत. पण तेवढ्या काळात वृद्धाश्रम, घराची विक्री, सह्या-अंगठे यांतले काहीही उरकून घेऊ नये.

— घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिका, पुणे