मशीनला अनुदान मिळतं, मशीन चालवणाऱ्याला कधी?

माननीय उद्योगमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

कोटिंगच्या धंद्यात माझी वीस वर्षं गेली. निर्वात चेंबरमध्ये आर्गॉनचा प्लाझ्मा, म्हणजे विजेनं भारलेला वायू, पेटवायचा, त्याच्या भारित कणांनी टायटॅनियमचे अणू उडवायचे, सोबत थोडा नायट्रोजन सोडायचा आणि ड्रिलवर सोनेरी थर चढवायचा, हे माझं काम. थर असतो दोन-तीन मायक्रॉनचा. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे किती पातळ ते बघा. तरी तेवढ्यानं ड्रिलचं आयुष्य कितीतरी वाढतं.

केसाचं नाव काढलं त्याला कारण आहे. एका कारखान्यात अनुदानावर नवं मशीन आलं, पण कोटिंग तपकिरी यायचं आणि नखानं सुटायचं. आधी टार्गेट, म्हणजे जिच्यातून अणू उडवतात ती टायटॅनियमची पट्टी, बदललं, मग पॉवर सप्लाय दुरुस्तीला गेला. तीन आठवडे उत्पादन बंद. मला बोलावलं तेव्हा मी पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गेज बघत बसलो. चेंबरच्या भिंतींतून वायू सुटत असेल तर दाब चढतो, मग त्याचा वेग मंदावतो. इथे तो एकसारखा चढतच राहिला, म्हणजे बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरत होती. सांध्यांवर हेलियम फवारत गेलो, तर आत शिरलेला हेलियम ओळखणारा डिटेक्टर एका फ्लँजपाशी, म्हणजे बोल्टांनी जोडलेल्या सांध्यापाशी, बोलला. फ्लँज उघडला. हवा रोखणाऱ्या रबरी ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस!

तिथली मुलं हुशार होती. पण मशीन लावायला आलेल्या इंजिनिअरनं त्यांना दोन दिवसांत बटणं दाखवली होती, बाकी काही नाही. आम्ही काम सुरू करतो हवेच्या दाबाच्या दहा कोटीव्या भागाला. तिथे उघड्या हातानं धरलेला सुटा भागसुद्धा, हाताचं तेल लागल्यानं, त्रास देतो. हे पुस्तकात असतं, पण हाताला कळायला वेळ लागतो.

हेक्साव्हॅलंट क्रोमियम या विषारी रसायनातून चढवलेला मुलामा, म्हणजे प्लेटिंग, कॅन्सरकारक, ते सोडा आणि प्लाझ्माकडे वळा, असं प्लेटिंगवाल्यांना सांगितलं जातं. बरोबरच आहे. (खोल नळीच्या आतल्या बाजूला प्लाझ्माचा थर नीट बसत नाही, हेही त्यांना कुणीतरी सांगावं.) पण उद्या ते वळले, तर ही मशीनं सांभाळणार कोण?

अनुदानाच्या योजनेत यंत्राच्या बिलावर पैसे आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. त्यातलाच एक हिस्सा प्रशिक्षणाला बांधून द्या. प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात सामायिक वापराचा एक हेलियम लीक डिटेक्टर ठेवा. छोट्या कारखान्याला तो एकट्यानं परवडत नाही. आणि तंत्रशिक्षण संस्थांना कारखान्यांतून निवृत्त झालेली जुनी चेंबर्स मिळवून द्या, चालू स्थितीतली. त्यांत मुद्दाम गळती करून ठेवायची आणि मुलांना ती शोधायला लावायची. पहिला केस मीच ठेवून देईन.

आपला,
एक कोटिंग तंत्रज्ञ