गाडी बसकी केली म्हणजे ती वळणाला धरते असे नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या वाहनविषयक पुरवण्यांत जमिनीला पोट टेकेल इतक्या खाली आणलेल्या गाड्यांचे फोटो येतात आणि सोबत सस्पेन्शन ‘अपग्रेड’ केल्याचे कौतुक असते. फोटोत गाडी देखणी दिसते, पण तीच गाडी ताम्हिणी घाटात पावसाळी वळणावर मूळ गाडीपेक्षा वाईट चालण्याची शक्यता बरीच असते. कारण काम उलट्या क्रमाने झालेले असते: आधी स्प्रिंग, मग मोठी अलॉय चाके आणि पैसे उरले तर शॉकअप (स्प्रिंगचे हेलकावे आवरणारा शॉक अॅब्झॉर्बर). हा क्रम का चुकतो, ते तपशिलात मांडण्यासाठी हे पत्र.

उदाहरणाला फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेऊ. पुण्या-मुंबईच्या तरुणांची ही आवडती गाडी. चाकणला तयार होणारी ही पोलो २०२२ मध्ये बंद झाली, म्हणजे आज हाती येणारी प्रत्येक पोलो वापरलेली आहे. तेव्हा पहिला खर्च झिजलेल्या भागांवर व्हायला हवा. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश, म्हणजे रबरी जोड, फाटला आहे का, बॉल जॉइंट आणि लिंक रॉडमध्ये खेळ आहे का, शॉकअपच्या वरच्या माउंटचे (बैठकीचे) रबर दबले आहे का, त्याचे बेअरिंग स्टिअरिंग फिरवताना अडकते का, हे तपासा. शॉकअपवर तेलाचा पुसट थर चालतो. ओघळ दिसला तर तो गेला. टायरवर उंच-सखल चट्टे पडले असतील तर शॉकअप कमजोर असल्याचा दाट संशय घ्यावा. एवढ्या दुरुस्तीने आणि चांगल्या टायरने जो फरक पडतो, तो अनेकांना महागडी किट बसवूनही मिळत नाही.

आता स्प्रिंग. ग्राइंडरने एक वेढा कापून देणारे अजूनही भेटतात. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांचे पाच केले की ती २० टक्के कडक होते. उंचीही बरीच गमावते. शिवाय पोलोच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात. चाक मोकळे लोंबले की कापलेली स्प्रिंग सैल पडून जागेवरून निसटू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग दाबून बुटकी करणे हा त्याहून भयंकर प्रकार, कारण पोलादाचा ताव उतरतो आणि ती पुढे दबतच जाते.

तयार ‘लोअरिंग स्प्रिंग’ घेतली तरी शॉकअपचा प्रश्न उरतोच. पुढच्या एका चाकावर गाडीचे साधारण ३०० किलो वजन आहे आणि स्प्रिंग २२ न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे असे धरा. गाडी सेकंदाला सुमारे १.३६ वेळा हेलकावेल. स्प्रिंग ३० ची केली तर हा आकडा १.६ च्या आसपास जातो. रस्त्यावरच्या स्पोर्टी गाडीला एवढे पुष्कळ झाले. पण कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअपचा रिबाउंडही (दबलेली स्प्रिंग उलगडताना होणारा अवरोध) त्या प्रमाणात वाढवावा लागतो. जुन्याच शॉकअपवर नवी स्प्रिंग चढवली की खड्ड्यानंतर गाडी दोन-तीन वेळा उसळते आणि त्या प्रत्येक उसळीत टायरचा जमिनीवरचा दाब कमी-जास्त होतो. घाटातल्या उखडलेल्या डांबरावर पकड सुटते ती इथेच. खरेदीतही एक घोटाळा होतो. बिल्स्टाइन कंपनीचा ‘बी६’ शॉकअप मूळ लांबीचा आहे. खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड ‘बी८’ लागतो. हे न पाहता जोड्या लावल्या जातात. आणखी एक गोष्ट: युरोपातल्या पोलोपेक्षा आपली पोलो मुळातच उंच बसवलेली आहे. त्यामुळे डब्यावर लिहिलेले ‘२५ मिमी खाली’ इथे त्याहून जास्त होते.

जास्त खाली गेल्यावर नेमके काय बिघडते? पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या रचनेत) लोअर आर्मचे बाहेरचे टोक, म्हणजे बॉल जॉइंट, आतल्या बुशपेक्षा किंचित खाली असावे. गाडी फार बसवली की ते वर जाते. मग रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली सरकते, दोन्हींमधले अंतर वाढते आणि त्याच स्प्रिंगवर गाडी वळणात उलट जास्त झुकू पाहते. टाय रॉडचाही (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, म्हणून खड्ड्यावर चाक वर जाताना आपोआप थोडे वळते आणि गाडी रेषा सोडते. शेवटी बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दबण्याआधी त्याला थांबवणारे रबर. मूळ लांबीचे ठेवले तर वळणाच्या मध्यावरच शॉकअप त्यावर टेकतो. स्प्रिंग क्षणात दगडासारखी होते आणि पुढचे चाक सरळ घसरते. स्प्रिंग बनवणाऱ्याने सांगितले असेल तेवढेच बंप स्टॉप छाटावे. काढून तर कधीच टाकू नयेत.

रस्त्याचे गणितही मांडून पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. सुमारे २.४७ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) पोलो त्याच्या बरोबर मध्यावर आली की चाकांच्या रेषेच्या वर ४५ मिमी उंचवटा पोटाखाली येतो. जमिनीपासूनच्या मूळ १६५ मिमी उंचीतून तो वजा जाता १२० उरतात. गाडी ४० मिमी खाली आणली असेल तर ८०, आणि चार माणसे बसल्यावर त्याहूनही कमी. हा झाला मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक. आपल्या गल्लीबोळांतल्या उंचवट्यांबद्दल न बोललेलेच बरे.

चाकांचेही तसेच. १९५/५५ आर१६ टायरऐवजी (रुंदी १९५ मिमी, भिंत तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) २०५/४५ आर१७ घातले तर व्यास जेमतेम पाच मिमीने घटतो, म्हणून स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पण टायरची भिंत १०७ मिमीवरून ९२ वर येते आणि रिम वाकायला एक खड्डा पुरतो.

अँटी-रोल बार म्हणजे वळणात गाडीचे झुकणे रोखणारा दांडा. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: २० ऐवजी २२ मिमी म्हणजे जवळपास ४६ टक्के. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीत तो पुढे जाड केला की अंडरस्टिअर (स्टिअरिंग वळवूनही गाडीची सरळ जाण्याची ओढ) वाढतो, मागे केला की कमी होतो. म्हणून काही करायचेच तर मागे, आणि तेही बेताने. ओल्या उतारावर वळणात अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू सुटण्याचा धोका त्याने वाढतो.

बसवताना होणाऱ्या चुका वेगळ्याच. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून ताण उतरवल्याशिवाय वरचा नट सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. शॉकअपचा चकचकीत दांडा पक्कडीत धरला की ओरखडा पडतो, त्यावर घासून सील फाटते आणि नवा शॉकअप महिनाभरात गळू लागतो. आवळून नंतर ठरावीक कोनात फिरवायचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते ताणले गेलेले असतात. लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना शेवटचे आवळणे ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. चाके जमिनीवर येताच बुशच्या रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. हे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पक्के करावेत. मग अलाइनमेंट, आणि नवी स्प्रिंग दबून स्थिरावल्यावर, दोन-चारशे किलोमीटरनंतर, ते पुन्हा. पोलोत पुढे प्रामुख्याने टो (चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) जुळवता येतो, मागे जवळपास काहीच नाही. म्हणून मागचे आकडे चुकीचे आले तर आधी मागची चाके जोडणारा आडवा बीम वाकला आहे का, ते पाहावे. हेडलाइटची दिशाही याच वेळी तपासून घ्यावी.

कायद्याचे थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. नियमबाह्य फेरफाराला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जर्मनीत सस्पेन्शनचे सुटे भाग तपासणी संस्थेच्या प्रमाणपत्रासह विकले जातात आणि कोणत्या मॉडेलला, किती उंचीपर्यंत, कोणत्या टायरसह ते चालतील हे त्यात लिहिलेले असते. पुण्यात एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारखी चाचणी संस्था असताना आपल्याकडेही स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीला असे प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू व्हावी, ही परिवहन खात्याकडे मागणी. आणि आपल्या पुरवणीकडे विनंती एवढीच, की अशा गाडीचा फोटो छापताना शॉकअप कोणता, टायर कोणते आणि जमिनीपासून उंची किती, हे तीन तपशील मालकाला विचारून फोटोखाली द्यावेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, चिंचवड