हवाई अंतराला वेगाने भागून वेळ निघत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांच्या तोंडावर प्रवासी कंपन्यांची पत्रके घरोघरी येऊ लागली आहेत. अशाच एका पत्रकात पुणे ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आणि पुढच्या रकान्यात '१ तास २० मिनिटे' असे छापले होते. अंतर ठीक आहे. वेळ मात्र कोणीतरी त्याला ताशी ८५०ने भागून काढलेली दिसते. प्रत्यक्ष वेळापत्रकात या प्रवासाला दोन-सव्वादोन तास धरलेले असतात.

आमच्या सोसायटीतल्या काकूंना मधुमेह आहे. सकाळची गोळी घेऊन निघायचे आणि जेवण दिल्लीत उतरून करायचे, हा बेत त्यांनी त्या रकान्यावर विसंबून केला. दिल्लीच्या आकाशात विमान घिरट्या घालत राहिले तेव्हा त्यांचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. शेजारच्या सीटवरच्या मुलीने पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या म्हणून निभावले.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे हे मनाला लागते. नकाशावरची सरळ रेघ हा विमानाचा रस्ता नसतो. ठरलेल्या हवाई मार्गांनीच जावे लागते. पूर्ण वेग वर पोचल्यावर मिळतो आणि उतरायच्या बऱ्याच आधी तो कमी करावा लागतो. शिवाय तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ, उड्डाणाची नव्हे. त्यात आपला पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, आणि धावपट्टी एकच. नवे टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झाले, पण धावपट्टी तीच आहे. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानाला थांबावे लागते, आणि ते योग्यच आहे.

वाऱ्याचा तर हे तक्ते विचारच करत नाहीत. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. पुण्याहून कोलकात्याला जाताना ते विमानाला मागून रेटतात, येताना समोरून अडवतात. अंतर तेच, तरी परतीला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात हे वारे उत्तरेकडे सरकतात. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते, याचाही उल्लेख कुठे नसतो. तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी केली की चुकलेच.

आपल्या पर्यटन पुरवणीतही असे तक्ते येतात, म्हणून विनंती आहे. हवाई अंतर जरूर छापा, पण वेळ विमान कंपनीच्या वेळापत्रकातूनच घ्या. जाण्याची आणि येण्याची वेळ वेगवेगळ्या रकान्यांत द्या. आणि कोथरूडहून लोहगावला संध्याकाळच्या गर्दीत पोचायला किती वेळ हाताशी ठेवावा, हेही त्याच चौकटीत सांगा.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, कोथरूड, पुणे