अपक्षाचा अर्ज छाननीतच का पडतो? मुख्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

२०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेला ४,१३६ उमेदवार उभे होते. त्यांतले २,०८६ अपक्ष; निवडून आले दोन. कोणाला निवडायचे हा मतदारांचा अधिकार, त्याबद्दल तक्रार नाही. हे पत्र मतदारापर्यंत पोचण्याआधीच छाननीच्या टेबलावर गळणाऱ्यांबद्दल आहे. पाठीशी पक्ष नाही, वकील नाही, आपल्या तत्त्वांवर उभे राहायचे एवढेच ठरवून आलेला माणूस बहुतेक वेळा कागदावर पडतो.

कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे. म्हणून अनामत रक्कम कमी करा, असे आपल्याला म्हणत नाही. १९९६ पर्यंत ती लोकसभेला ५०० आणि विधानसभेला २५० रुपये होती. त्याच वर्षी तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार होते, आणि बेळगाव लोकसभेला सीमाप्रश्नावर मराठी माणसांनी अर्जांचा पाऊस पाडला तेव्हा ४५६. मतपत्रिकेची पुस्तिका छापायची वेळ आली. आज लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,००० रुपये भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना निम्मे. ती परत मिळायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते हवीत; म्हणजे १ लाख ८० हजार वैध मते पडली तर ३०,००० च्या वर. हे असो.

खरी अडचण सूचकांची, म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत आणि प्रत्येकाचा यादीतला भाग क्रमांक नि अनुक्रमांक बिनचूक हवा. चुका इथेच होतात. क्रमांक जुन्या यादीतून उतरवला जातो आणि पुरवणी यादीत त्या माणसाचा भाग बदललेला असतो. शहरात तर रस्त्याच्या पलीकडे दुसरा मतदारसंघ सुरू होतो आणि शेजारीच सूचक म्हणून बाद ठरतो. एखादा सूचक अंगठा लावणारा असेल, तर तो अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. घरी उठवून आणलेला चालत नाही. दहांतला एक गेला की उरतात नऊ, आणि नऊ सूचकांचा अर्ज म्हणजे बाद अर्ज.

यावर जाणकार एकच तोड सांगतात: कायदा एका उमेदवाराला चार अर्ज भरू देतो, तेव्हा चारही भरा, प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या. चाळीस सह्या होतात, पण अनामत एकदाच भरावी लागते. सूचक फिरण्याची भीती पक्षवाल्यांनाही असतेच. २०२४ मध्ये सुरत लोकसभेला एका मोठ्या राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराच्या सूचकांनी ‘या सह्या आमच्या नव्हेत’ असे सांगितले, अर्ज गेला आणि पुढे निवडणूकच बिनविरोध झाली. मग दहा साध्या माणसांना सांभाळणाऱ्या अपक्षाने काय करावे?

आमची पहिली मागणी एवढीच: अर्ज घेतानाच खिडकीवर दहाही सूचकांचे क्रमांक संगणकातल्या चालू यादीशी ताडून पाहावेत आणि जे चुकले ते उमेदवाराला तिथल्या तिथे लिहून द्यावे. नावातल्या, क्रमांकातल्या लेखनचुका दुरुस्त करू द्यायची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या (१९५१) कलम ३३ मध्ये आहे. किरकोळ दोषावरून अर्ज फेटाळू नये, असे कलम ३६ ही सांगते. पण सूचक मुळात दुसऱ्या मतदारसंघाचा निघाला, तर ती लेखनचूक नव्हे. ते छाननीच्या दिवशी कळून उपयोग काय?

नमुना २६ चे शपथपत्र, म्हणजे आपल्यावरचे खटले, मालमत्ता, शिक्षण यांची माहिती शपथेवर देणारा कागद, हा दुसरा खड्डा. रकाना रिकामा ठेवायचा नाही, रेघही ओढायची नाही. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहायचे. रिकाम्या रकान्यांचे शपथपत्र नोटीस देऊनही बदलून दिले नाही तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि उमेदवारीची शपथ! ती अर्ज दिल्यानंतर, पण छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यावी लागते. छाननीच्या सकाळी घेऊ म्हणणाऱ्याचे बाकी सगळे कागद चोख असले तरी अर्ज वाया जातो. अर्ज स्वीकारला की त्याच टेबलावर शपथ द्यावी, उमेदवाराने मागण्याची वाट पाहू नये. २०२४ च्या विधानसभेला अर्जाचा शेवटचा दिवस धनत्रयोदशीचा होता. दुपारी तीनच्या आत नोटरी गाठायची की सूचक, अशी तारांबळ त्या दिवशी उडाली नसेल तर नवल.

यातून पार पडला तरी हातात दिवस किती? २०२४ ला ४ नोव्हेंबरला दुपारी तीनला माघारीची मुदत संपली. अपक्षाला चिन्ह मिळते ते त्यानंतर: पसंतीची तीन लिहायची, दोघांनी एकच मागितले तर चिठ्ठी. १८ नोव्हेंबरला प्रचार थांबला. या दोन आठवड्यांत पत्रक छापायचे, त्यावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव घालायचे आणि अनोळखी चिन्ह घरोघरी ओळखीचे करायचे. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह मतदाराच्या आजोबालाही ठाऊक असते. मतदान यंत्रावर नावे आधी मान्यताप्राप्त पक्षांची, मग नोंदणीकृत पक्षांची आणि शेवटी अपक्षांची. एका यंत्रावर ‘नोटा’ धरून १६ बटणे, म्हणून गर्दी असली की अपक्ष दुसऱ्या यंत्रावर जातो.

मतदार यादीचेही तसेच. त्याच कायद्याच्या कलम ७८-अ नुसार ती फुकट मिळते मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना. इतरांना देऊ नये, असे मात्र ते कलम कुठे म्हणत नाही. उमेदवारांच्या अंतिम यादीतल्या प्रत्येकाला ती द्यावी, ही दुसरी मागणी.

अपक्षांना मोकळीक दिली तर डमी, म्हणजे दुसऱ्याची मते फोडायला उभे केलेले, उमेदवार वाढतील, असे उत्तर येईल. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली. प्रश्न खरा आहे. पण ज्याला कोणी मुद्दाम उभे करते, त्याचे कागद वकील तपासतो. दहा सूचकांची चाळणी त्याला अडवत नाही.

शेवटी खर्चाचे. अर्जाच्या किमान एक दिवस आधी वेगळे बँक खाते उघडायचे, एका व्यक्तीला पूर्ण निवडणुकीत १०,००० च्या वर रोख द्यायचे नाही, खर्चाच्या नोंदवहीतली पांढरी (रोजच्या खर्चाची), गुलाबी (रोखीची), पिवळी (बँकेची) पाने रोज भरायची. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांची अपात्रता. पंधरा हजार खर्चून हरलेला माणूस ‘आता कसला हिशेब’ म्हणून घरी बसतो आणि पुढच्या निवडणुकीतून बाद होतो. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे. लाखाच्या आत खर्च करणाऱ्याला एक पानी नमुना द्या, आणि त्या तिसाव्या दिवसाची तारीख निकालाच्या दिवशीच त्याच्या हातात मराठीत लिहून द्या.

कळावे,
अपक्षांचे अर्ज भरून देणारे काही मतदार