चालायचंच, पण हायवेच्या कडेने नको

नाशिक,
डिसेंबर, दुसरा आठवडा

प्रिय दिल्या,

तुझं पत्र मिळालं. द्वारका चौकाजवळ फ्लॅट घेतलास, अभिनंदन. रिटायर होऊन माणूस गावी परततोय म्हटल्यावर मी खूश होतो, पण पुढचं वाचून कपाळाला हात लावला. पहाटे पाचला उठणार, खाली उतरून हायवेच्या सर्व्हिस रोडने मुंबई नाक्यापर्यंत जाऊन येणार आणि डॉक्टरांचा कोटा पुरा करणार म्हणे! चालण्यातून तुला सूट नाहीच. पण तिथे नको, आणि थंडीत त्या वेळेला तर मुळीच नको.

माझी सगळी नोकरी टीएमटीच्या, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासायच्या खोलीत झाली, तुला माहीतच आहे. छातीला वायरी चिकटवलेली माणसं पट्ट्यावर चालायची आणि मी स्क्रीनइतकाच त्यांच्या तोंडाकडे बघायचो. पहिल्या टप्प्यात पट्टा ताशी 2.7 किलोमीटरने सरकतो, चढ 10 टक्के. तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पोट सुटलेला गडी असला की इथेच दांडा घट्ट धरायचा. 'काका, दांड्यावर भार नको, टेस्ट चुकेल,' असं दिवसभर सांगावं लागे. आणि मग त्याचं तोंड उघडायचं.

ते उघडं तोंड महत्त्वाचं. बसल्या जागी आपण मिनिटाला साधारण 6 ते 8 लिटर हवा घेतो, झपाझप चालताना त्याच्या तिप्पट-चौपट, धावताना दहापटही. नाकात केस असतात, ओलावा असतो, बरीचशी धूळ तिथेच अडते. तोंडाने घेतलेली हवा थेट आत. त्यात वजन जास्त असेल तर तेवढ्याच वेगाने चालायला प्राणवायू जास्त लागतो, म्हणजे हवाही जास्त. वर पोटाची चरबी छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला खालून रेटते, श्वास उथळ होतो आणि माणूस भराभर घेऊ लागतो. म्हणजे त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालणाऱ्या सडपातळ माणसापेक्षा तुझ्या छातीत धूर जास्त जाणार.

त्या धुरातले 2.5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले कण फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत पोचतात, अगदी बारीक तर रक्तातही उतरतात. शरीर त्यांना परकं समजतं आणि बारीकशी सूज धरून ठेवतं. डोळ्याला दिसणारी नव्हे, आतली. रक्तवाहिन्या नीट सैल होत नाहीत. आणि व्यायामाचा अर्धा फायदा तर त्या सैल होण्यातच असतो!

लंडनमध्ये यावर छान प्रयोग झाला होता, 2018 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. साठीच्या पुढची 119 माणसं, काही धडधाकट, काही फुप्फुसाच्या जुनाट आजाराची, काही हृदयरोगी. एकदा त्यांना दोन तास हाइड पार्कमध्ये चालवलं, एकदा डिझेलच्या बसेस आणि टॅक्स्यांनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. बागेत चालल्यावर फुप्फुसं सुधारली, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा उतरला. रस्त्यावर चालल्यावर तोच फायदा बराचसा गळाला. माणसं तीच, पाय तेच. तुझा सर्व्हिस रोड हा आपला ऑक्सफर्ड स्ट्रीट, फक्त दुकानं कमी झगमगीत.

आता चरबीचं. आपण समजतो ती नुसती पडून असते. पोटातली चरबी दिवसरात्र सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत असते, इन्सुलिनचं काम बिघडवते. म्हणजे धूर आणि चरबी दोघांचं काम एकाच दिशेने चालतं. चालल्याने ती सूज उतरायला हवी, पण एकीकडून उतरवायची आणि दुसरीकडून ओढून घ्यायची, याला काय अर्थ?

आणि 'मी कुठे लठ्ठ, वजन बेताचंच आहे' हे मला सांगू नकोस. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा 2004 सालचा फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2! म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 लाच जादा वजन धरतात, आणि पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी म्हणतात. टेप घे आणि बेंबीपाशी मोज, पोट आत न ओढता. वहिनींना धरायला सांग, तुझ्यावर माझा भरवसा नाही.

वेळेचं सांगतो. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो. खालचा धूर खालीच. त्यात शेकोट्या, पेटवलेला कचरा, आणि कुंभमेळ्यासाठी खणलेल्या रस्त्यांची धूळ. नाशिक हवा सुधारायच्या राष्ट्रीय यादीत उगाच नाही. पहाटेची हवा शुद्ध असते हे आपल्या आजोबांच्या नाशकात खरं असेल. आता थंडीत ऊन वर येऊ दे, आठ-साडेआठनंतर निघ. तुला आता ऑफिस थोडंच गाठायचंय! पावसाळ्यात मात्र खुशाल पहाटे जा, हवा धुऊन निघालेली असते.

जागा म्हणशील तर गोल्फ क्लबचं मैदान आहे, कृषिनगरचा ट्रॅक आहे, जमलं तर सोमेश्वरकडे गोदावरीच्या बाजूने. मोठ्या रस्त्यापासून थोडं आत सरकलं तरी फरक पडतो. पांडवलेणी लगेच नको, आधी तुझी टीएमटी होऊ दे. तोंडाला रुमाल बांधून हायवेने चालेन म्हणशील, तर रुमालाने एवढे बारीक कण अडत नाहीत. आणि एखाद्या दिवशी धूर फारच असला तर घरात जिने चढ-उतर कर, सुट्टी घेऊ नकोस. धुराच्या भीतीने घरी बसणं त्याहून वाईट.

वजनाचा काटा रोज बघू नकोस. काटा हलला नाही तरी यकृतातली चरबी उतरते, साखर आवरते. महिना-दोन महिन्यांनी कंबर मोज.

सामान कधी हलवतोयस ते कळव, टेम्पोवाला माझ्या ओळखीचा आहे. येताना जुने रिपोर्ट घेऊन ये, विशेषतः साखरेचा. पहिल्या रविवारी गोल्फ क्लबला फेऱ्या मारू आणि मग मिसळ. जादा पाव मागवलास तर बिल तुझं.

तुझा,
बाळ्या